शेवटच्या पोळीचा निवाडा

धायरीच्या होळीत शालूची पोळी सगळ्यांत शेवटी पडायची. शेवटी म्हणजे इतकी शेवटी, की तोवर जाळ बसलेला असायचा, बोंबा मारून पोरांचे घसे बसलेले असायचे, आणि राखेत पडणाऱ्या त्या पोळीकडे फक्त गावची कुत्री आशेनं बघत असायची. पहिली पोळी पाटलाची, मग मानाप्रमाणे एकेक घर, आणि सगळ्यांच्या मागून शालूच्या नवऱ्याचं, गेनबाचं. लग्न होऊन आली त्या साली तिला वाटलं, नवी सून म्हणून मागं ठेवलं असेल. पंचविसाव्या वर्षी तसं वाटेनासं झालं.

पानिपत होऊन वीस वर्षं झाली होती. त्या साली राखेतली पोळी कुत्र्यानं तिच्या डोळ्यांदेखत उचलली आणि शालूनं तिथंच हिंदुराव पाटलाला गाठलं.

"पाटील, आमचीच पोळी शेवटी का?"

"बापजाद्यापासनं चालत आलंय."

"पन का?"

"गेनबाच्या आज्यानं, भैरूनं, लई मोठा गुन्हा केला व्हता."

"कंचा?"

हिंदुरावानं मिशीवरून हात फिरवला. दुसरा हातही फिरवला. "लई मोठा," तो म्हणाला.

त्याला ठाऊकच नव्हतं. शालूनं मग गावात विचारलं. एक म्हातारा म्हणाला, भैरूनं गाय मारली. दुसरा म्हणाला, देवीसमोर खोटी शपथ घेतली. तिसरा म्हणाला, छे, तो नाचणारणीबरोबर पळून गेला. तिन्ही कामं एकाच माणसानं केली असतील तर त्याला नांगराला वेळ कधी मिळाला, हे कोणी सांगेना. एवढंच खरं, की भैरू एके दिवशी गावातून गेला तो परत आला नाही. त्याच्या बायकोनं मरेपर्यंत रोज सकाळी त्याच्या नावानं बोटं मोडली. देवपूजा एखादे दिवशी चुकायची, हे नाही.

गेनबा स्वभावानं गरीब. "चालतंय की," तो म्हणाला. "पोळी शेवटी काय नि आधी काय, जळायचीच हाय."

"रगात तुमचं, पोळी माझी, आन् कुत्र्यानं खायची?" शालू म्हणाली. "मला गुन्हा कळाया पायजे. मोठा आसंल तर मी पुना बोलणार न्हाई."

गावच्या कुलकर्ण्याकडे गेली तर तो म्हणाला, जुने कागद वाळवीनं खाल्ले, पण निवाडा पुण्यात झाला होता. नक्कल सरकारी दफ्तरात असेल. हे त्यानं तिला वाटेला लावायला सांगितलं. बाई खरंच वाटेला लागेल असं त्याला वाटलं नव्हतं.

पुणं शालूला नवं नव्हतं. आठवड्यातून दोनदा वांगी घेऊन ती शनिवार पेठेत जायची, आणि तिच्या गिऱ्हाइकांत यज्ञेश्वरपंत नावाचे दफ्तरातले एक कारकून होते. हा गृहस्थ पाहुण्याला "पाणी हवं का?" हेसुद्धा असं विचारायचा की पाहुण्याला तहान लागल्याचीच लाज वाटावी.

"पंत, आमच्या आजेसासऱ्याचा कागुद शोधून द्या."

"दफ्तर म्हणजे भाजीबाजार नव्हे, बाई."

"ते ठावं हाय. बाजारात ताजं मिळतं."

पंतांनी तिच्याकडे जरा नीट पाहिलं. पुण्यात त्यांना कोणी उलट बोलत नसे. बोलणाऱ्यांची संख्या त्यांनी स्वतःच कमी केली होती. "नाव काय म्हणालात आजेसासऱ्यांचं?"

"आता आजेसासऱ्याचं नाव कसं घिऊ तोंडानं?"

"मग मी काय सर्व महाराष्ट्राचे आजेसासरे उपसून पाहू?"

शालूनं विचार केला. "काळभैरव देव हाय न्हवं? त्यातला काळ काढा. ऱ्हायलं त्यात थोडा लाड घाला."

"भैरू," पंत म्हणाले, आणि अर्ज स्वतःच लिहून घेतला.

अर्ज मंजूर व्हायला चातुर्मास गेला. दिवाळीनंतर पंतांनी निरोप धाडला. शालू दफ्तराच्या ओसरीवर वांग्याची पाटी बाजूला ठेवून बसली. पंत आतून रुमाल घेऊन आले. रुमाल म्हणजे जुने कागद बांधलेलं कापडी गाठोडं. त्यांनी ते झटकलं तेव्हा दोघांनाही शिंका आल्या.

"पहिला कागद किल्ल्यावरून आलेला आहे. तुमचे आजेसासरे तिथे कैदेत होते."

"आगं बया! कशापायी?"

"ते यात नाही. यात किल्ल्याचा अंमलदार लिहितो, की 'कैदी भैरू धायरीकर याणे पहारेकऱ्यांस सोंगट्यांचा नाद लाविला. पहारा राहिला, सोंगट्या चालल्या. कामास लाविला तर गाणी म्हणतो, गाण्यात आमचे नाव घालतो. तरी कृपा करून हा कैदी परत न्यावा.'" पंत थांबले. "वीस वर्षं मी इथे आहे. कैद्याला सोडवा म्हणून अर्ज येतात. तुरुंगाला कैद्यापासून सोडवा, असा हा पहिलाच."

शालूला हसू आलं आणि हसू आल्याचा राग आला. इतकी वर्षं ती ज्याला मनात शिव्या घालत होती तो माणूस एकदम कुठेतरी बसून सोंगट्या टाकताना दिसायला लागला.

मार्गशीर्षात निवाडा सापडला. पंतांनी या वेळी पाणी विचारलं, तेही सरळ. मग वाचायला लागले.

गुन्हा असा होता. त्या काळी पुण्यात मोठी बांधकामं चालली होती आणि चुना-दगड वाहायला गावोगावची माणसं वेठीला धरून आणत. फुकट काम, घरची भाकर. धायरीतून कोण पाठवायचा हे पाटील ठरवी, आणि तेव्हाच्या पाटलानं, म्हणजे हिंदुरावाच्या आज्यानं, एका वर्षात भैरूचं नाव तीनदा दिलं. स्वतःच्या भावकीतलं एकदाही नाही. तिसऱ्या खेपेहून भैरू परत आला तो नेमका होळीच्या दिवशी. पाटील जेवून अंगणात बाजेवर घोरत पडला होता. गावात होळीसाठी लाकडं चोरायची चाल होतीच. भैरूनं तिघांना हाताशी धरलं, आणि पाटलासकट बाज उचलून होळीच्या ढिगावर नेऊन ठेवली.

"पेटवली?" शालूनं छातीवर हात ठेवला.

"नाही. पाटील जागा झाला तेव्हा भोवती सगळा गाव उभा होता आणि हसत होता. पाटलाला खाली उतरता येईना. लाकडं घसरत होती. धोतर," पंतांनी कागद डोळ्यांजवळ नेला, "धोतराबद्दल तपशील आहे, तो सोडतो."

"सोडू नगा."

"पुढे पुण्यात चौकशी झाली. भैरूनं जबानी दिली, 'होळीस लाकूड लागते. बाज लाकडाची. वर काय निजले होते ते मी पाहिले नाही.' मग त्यानं पंचांना उद्देशून काही शब्द वापरले."

"कंचे?"

"ब्राह्मणाच्या तोंडून निघण्यासारखे नाहीत."

"लिव्हले कुणी मंग?"

पंतांनी एकदा आत नजर टाकली. "ब्राह्मणानेच," ते म्हणाले, आणि ते शब्द वाचले. हळू वाचले, तरी आतले दोन कारकून कान देऊन बाहेर आले.

शिक्षा दोन झाल्या होत्या. त्या शब्दांबद्दल एक वर्ष किल्ल्यावर कैद. आणि बाजेबद्दल, होळीच्या पोळीचा मान सर्वांच्या मागं.

"पाच होळ्या," पंत म्हणाले.

"आँ?"

"'येथून पाच होळ्या पोळी सर्वांमागे टाकावी, पुढे पूर्ववत.' चाळीस वर्षांपूर्वी मुदत संपली, बाई. तुमचे यजमान तेव्हा रांगत असतील. कोणी मोजलंच नाही."

शालू ओसरीवरून उठली, पुन्हा बसली. तिनं मनातल्या मनात आपल्याच पंचवीस पोळ्या मोजल्या. पुरण वाटून हात दुखायचे ते.

निवाड्याच्या मागं आणखी एक कागद शिवलेला होता. पंतांनी तो आधी मनात वाचला आणि मग त्यांच्या आवाजातला तो नेहमीचा कोरडेपणा कुठे गेला कळलं नाही. तो भैरूचाच अर्ज होता, मांजरीहून कोणाकडून तरी लिहवून घेतलेला. किल्ल्यावरून सोडताना त्याला अट घातली होती, पाटलाच्या संमतीशिवाय गावात पाय ठेवायचा नाही. चार वर्षं तो मांजरीत उसाची राखण करत होता. लिहिलं होतं, 'नातू जाहला असे ऐकतो. एकवार दृष्टीस पडावा. पोळी जन्मभर मागे टाकीन, परंतु गावात येऊ द्यावे.'

"खाली शेरा आहे, 'पाटलास पुसावे.'"

"पुसलं?"

"पुसलं असतं तर उत्तर इथेच शिवलेलं असतं."

"मंग?"

"मग काही नाही, बाई."

घरी आल्यावर तिनं गेनबाला सगळं सांगितलं. तो मोटेच्या दोराला गाठ मारत होता. बाजेचं ऐकून हसला, शिव्यांचं ऐकून लाजला. अर्जाचं ऐकल्यावर म्हणाला, "नातू म्हंजी मी?"

"दुसरा कोन हाय?"

"मला बघायचं म्हनला?"

"तसंच लिव्हलंय."

गेनबानं मारलेली गाठ सोडली आणि परत मारली. पुन्हा सोडली. त्या दिवशी मोट चालली नाही.

फाल्गुनात, होळीच्या चार दिवस आधी, गाव चावडीपुढे बसलं. पंतांनी शिक्का मारलेली नक्कल करून दिली होती. कुलकर्ण्याला ती वाचावी लागली. बाजेपर्यंत आला आणि अडखळला. हिंदुराव म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, म्होरलं वाचा." मागून शालू म्हणाली, "शिक्क्याचा कागुद हाय, मधलं गाळाया येत न्हाई." कुलकर्ण्यानं वाचलं. धोतराच्या तपशिलाला पहिल्यांदा बाया हसल्या, मग पोरं, मग ज्यांनी आजवर गाय मारल्याचं सांगितलं होतं ते म्हातारेही.

हिंदुराव लाल झाला. पण माणूस पाटील होता, बुद्धी चालवली. "पाच वर्सं संपली आसतील," तो म्हणाला. "पन चाळीस वर्सं वहिवाट पडली. वहिवाट मोडता येत न्हाई."

शालूनं पदर सावरला. "बराबर हाय. वहिवाटच चालवायची तर दरसाली बाज बी आना. वर निजायला पाटील हायतच."

यावर सगळी चावडी हसत सुटली. हसणं ओसरलं तेव्हा हिंदुरावानं हात टेकले. पण एक पेच उरला. "आता शेवटी कोन?"

सगळी सभा एकदम आपापल्या पायांकडे बघायला लागली. कोणी खोकलं. एकानं बैलाचं निमित्त काढून उठायचं बघितलं. तेवढ्यात गेनबा म्हणाला, "मी ऱ्हातो की. मला सवय हाय."

शालूनं नवऱ्याकडे असं पाहिलं, की किल्ल्यावरची कैद बरी वाटावी. "ह्यांचं मनावर घिऊ नगा," ती गावाला म्हणाली.

शेवटी ठरलं, पाटलाची पोळी पहिली. बाकी जो मागून येईल त्याची मागून. त्या होळीला दिवस मावळायच्या आधीच अख्खी धायरी ताटं घेऊन हजर. लाकडं रचायची होती, जाळ लावणारा आला नव्हता, आणि बाया एकमेकींना कोपरानं सारत उभ्या होत्या. शालूची पोळी पाचवी पडली. जाळ इतका होता की तिच्या भुवया करपल्या. आठ दिवस ती त्या करपलेल्या भुवयांनी गावभर फिरली, पाण्याला दोनदा जास्तच गेली.

रंगपंचमी झाल्यावर गेनबा स्वतःहून म्हणाला, "मांजरीला जाऊन येऊ." पंचवीस वर्षांत त्यानं स्वतःहून काढलेली ही पहिली वाट. उसाच्या फडाकडेला जयसिंग नावाचा म्हातारा भेटला. भैरू म्हटल्यावर त्याच्या तोंडात नव्हते तेवढे दात दिसले.

"भैरूतात्या? त्यानंच मला पव्हायला शिकिवलं. लई शिव्या द्यायचा, पन कोल्हं यायची टाप न्हवती उसात. म्या मिसरूड फुटायच्या वयाचा आसताना गेला. तापानं."

"कुठं ऱ्हायचा?"

जयसिंगनं बांधाकडे बोट केलं. तिथं आता कांदे लावले होते.

"गावाकडचं काय बोलायचा?" गेनबानं विचारलं.

"माणसाचं न्हाई बोलायचा. बैलाचं बोलायचा एका. त्याला डाव्या अंगाला जुंपलं तर चालायचा न्हाई म्हणं."

गेनबा बांधावर बसला. शालूनं शिदोरी सोडली, तीन माणसांत भाकरी वाटली, आणि जयसिंगला म्हणाली, "त्या बैलाचं पयल्यापासनं सांगा."

म्हातारा सांगायला लागला.