खिळ्याला टांगलेला कप

माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही... म्हणजे नव्हता. इथल्या मराठी मंडळाच्या पिकनिकला कुणी भुताखेतांचं सांगायला लागलं की मी सरळ भज्यांच्या ट्रेकडे वळायचे. तेव्हा तुम्ही हसलात तरी मी रागावणार नाही.

आम्ही अमेरिकेत, ईडन प्रेरीला राहतो. मंडळाच्या नाटकांची प्रॉपर्टी, म्हणजे स्टेजवरचं सामानसुमान, सांभाळायचं काम दरवर्षी माझ्याच गळ्यात पडतं. म्हणून ऑफिसातल्या शेरिलने स्वतःचं नाटक बसवायला घेतलं तेव्हा तिने मला मदतीला बोलावलं. शेरिल ब्लॅक आहे. नाटक तिच्या पणजीवर – मिसिसिपीत गोऱ्यांच्या घरी जन्मभर स्वयंपाक केलेली बाई. शेरिलची आजी आणि आई त्याबद्दल चकार शब्द काढत नसत, पण दोघीही परक्या घरी पाणीसुद्धा पीत नसत. का, ते शेरिलला नाटक लिहिताना उमगलं.

रविवारी दुपारी ती आमच्याकडे तालमीला यायची. त्या उन्हाळ्यात पुण्याहून माझ्या सासूबाई आल्या होत्या. माझं ऐकून शेरिलही त्यांना ‘आई’ म्हणायची. चहा त्यांच्याच हातचा – आलं, आणि खिडकीतल्या कुंडीत लावलेला गवती चहा. पहिल्याच रविवारी त्या मला हळूच म्हणाल्या, “तिला कागदाच्या कपात दे गं. आपले कप नकोत.”

पुण्यात कामवालीचा कप त्या गॅलरीत वेगळा ठेवायच्या, ते मी लग्नापासून बघत आले होते. इथेही मी निमूट पेपर कप काढला. आम्हा घरच्यांना नेहमीचे कप, शेरिलला पेपर कप. दोन महिन्यांसाठी आल्यात, घरात वाद कशाला, अशी मी माझी समजूत घातली. चहा झाला की शेरिल तो कप स्वतःच उठून कचऱ्यात टाकायची.

मग एका रविवारी तिने शेवटचा प्रवेश वाचून दाखवला. पणजीला त्या घरातल्या कपाला तोंड लावायची परवानगी नव्हती. तिचा पत्र्याचा कप मागच्या दाराबाहेर खिळ्याला टांगलेला असे. शेरिल वाचत होती आणि तिच्या हातात आमचा पेपर कप होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी पुढच्या रविवारी... पुन्हा पेपर कपच.

प्रयोग शनिवारी दुपारी, एका चर्चच्या हॉलमध्ये होता. सासूबाईही आल्या होत्या, पहिल्याच रांगेत बसल्या होत्या. पत्र्याचा कप मीच शोधून आणला होता, मीच पुसून खिळ्याला टांगला. रिकामा. प्रयोगभर तो सगळ्यांसमोर कानाने आडवा लोंबत होता. शेवटी शेरिलने तो काढून ओठांना लावायचा आणि लाइट जायचे, असं ठरलं होतं.

तिने कप काढला, तोंडाशी नेला आणि थांबली. कपातून वाफ निघत होती... मला विंगेतून स्वच्छ दिसली. पाठोपाठ आल्याचा वास, गवती चहाचा वास. शेरिलने नाटकात नव्हतं ते केलं – पणजीचं नाव घेतलं आणि पूर्वजांना अर्घ्य द्यावं तसा कप स्टेजवरच्या झाडाच्या कुंडीत ओतला. दुधाच्या चहाची धार पडली. लोकांना तो नाटकाचाच भाग वाटला. कुणीतरी “आमेन” म्हणालं.

विंगेत आल्यावर तिने विचारलं, “हाउ डिड यू डू दॅट?”

“आय डिडन्ट. कप रिकामा होता, शेरिल.” मराठी-इंग्रजीचं भान राहिलं नव्हतं मला. तिने दिलेला कप हाताला गरम लागत होता.

तिने वाकून कप हुंगला. “इट स्मेल्ड लाइक युअर किचन.”

चोराच्या मनात चांदणं. मला तिच्या नजरेला नजर देता येईना.

गाडीत सासूबाई म्हणाल्या, “चहा माझ्या हातचा होता. मला माझा चहा कळत नाही का?”

पुढच्या रविवारी शेरिल उरलेलं सामान परत द्यायला आली. सासूबाईंनी आपणहून काचेच्या कपाटातले चांगले कप काढले, स्वतः धुतले.

“नो, आई. आय ब्रॉट माय ओन,” शेरिल शांतपणे म्हणाली आणि पर्समधून नाटकातला तोच पत्र्याचा कप काढून आमच्या टेबलावर ठेवला.

सासूबाईंनी त्यात चहा ओतला. थोडा टेबलावर सांडला. शेरिलने तो पुसला, चहा पिऊन झाल्यावर कप विसळून पर्समध्ये टाकला आणि ती गेली. त्यानंतर ती आमच्या घरी आलेली नाही.

त्या खिळ्याला लटकणाऱ्या रिकाम्या कपात चहा कुठून आला, हे मला आजही सांगता येत नाही. पेपर कप का, हे शेरिलने कधीच विचारलं नाही. त्याचं उत्तर मात्र मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.