कोरड्या खोलीतले डबे

माझे मेहुणे, ताईचे यजमान, घड्याळं दुरुस्त करतात. त्यांच्याइतका सरळ माणूस अख्ख्या बाजारात मिळायचा नाही, असं लोक म्हणतात. म्हणोत बापडे. त्यांनी कुणाचं घड्याळ कधी बिघडवलं नाही, एवढं मीही मान्य करतो.

त्यांना नाद एकच, जुन्या खेळण्यातल्या आगगाड्यांचे डबे जमवायचा. तळहातावर दोन मावतील एवढे डबे. कोळशाच्या वाघिणी, तेलाच्या टाक्या, टपालाचा डबा, सगळं साठ-सत्तर वर्षांपूर्वीचं आणि मूळ रंगाचं. रंग उडालेला चालतो, नव्याने लावलेला चालत नाही. इंजिन मात्र एकही नाही. इंजिनं काय, कुणीही सोम्यागोम्या जमवतो, असं त्यांचं मत.

घरात खोल्या दोन. एका खोलीत भरपूर ऊन येतं, दुसरीची भिंत बारा महिने ओली. उन्हाची खोली डब्यांना दिली आहे, आणि उन्हाने रंग विटतो म्हणून तिथले पडदे कायम ओढलेले. काचेच्या कपाटात हवेतला दमटपणा मोजणारं यंत्र आहे. भावजी तिथेच झोपतात, राखण म्हणून. ओल्या खोलीत माझी ताई झोपते. तिला दमा आहे. नुसत्या टिकटिकीवरून घड्याळाचं दुखणं ओळखणाऱ्या या माणसाला तिच्या छातीची घरघर कधी ऐकू आली नाही.

यंदा ती दवाखान्यातून घरी आली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं की पुन्हा त्या भिंतीशी झोपली तर वाचायची नाही. मी भावजींशी भांडायच्या तयारीनेच गेलो होतो. ते लगेच कबूल झाले. ताईची खाट कोरड्या खोलीत आली. आठवड्याभरात ती रात्रभर सलग झोपायला लागली. एकदा तर जिना चढून गच्चीवर कपडे वाळत घालून आली, आणि ते मला कौतुकाने फोन करून सांगितलं.

नवव्या दिवशी भावजींनी तिला कपाटापाशी बोलावलं. त्यांच्या सगळ्यात लाडक्या डब्याला, दुधाच्या टाकीला, तडा गेला होता. ते रागावले नाहीत.

"तुझ्या श्वासाची वाफ," एवढंच म्हणाले. "असू दे. माणूस महत्त्वाचं."

मी संध्याकाळी गेलो, तर खाट ओल्या खोलीत. तिने एकटीने ओढत नेली होती.

मी ओतकामाच्या कारखान्यात तीस वर्षं घालवली आहेत. डबा उचलला आणि भावजींचंच भिंग डोळ्याला लावलं. ताजा तडा आतून चकाकतो. हा आतून काळवंडला होता. हे डबे जस्ताचे, आणि जस्तात शिसं मिसळलं गेलं की ओतीव माल आतल्या आत फुटत जातो. त्याला कुणाच्या खोकल्याची गरज नसते.

"भावजी, हा तडा आठ दिवसांचा नाही. वर्षाचा तरी असेल."

"दोन वर्षांचा," ते म्हणाले. डबा माझ्या हातातून काढून घेतला आणि त्यावरचे माझ्या बोटांचे ठसे फडक्याने पुसले. "हळू बोल. आता ती आपण होऊन गेलीये."

त्यांचं मानगूट धरायला हवं होतं. मी धरलं नाही, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

ताई खाटेवर बसून धापा टाकत होती. मी तिला सगळं सांगितलं, दोन वर्षांचंही. म्हटलं, चल माझ्याकडे, आत्ताच्या आत्ता.

"मला माहितीये रे," ती म्हणाली. "काच पुसताना तो तडा मलाच आधी दिसला होता. मीच यांना दाखवला."

"मग आज गप्प का बसलीस?"

"मी दाखवलेलं हे विसरले असतील, असं नाही. मला घालवायला यांना एवढं खोटं बोलावं लागलं. आता कुठल्या तोंडाने झोपू तिथे?"

मी तिचे कपडे पिशवीत भरायला लागलो. ती ओल्या भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.