पाळणाबेटावरची देलियामावशी

आमच्या ग्वालेग्वाय गावात दुपारची जेवणं झाली की माणसं झोपतात. नुसती कलंडत नाहीत. खिडक्यांच्या झडपा ओढून, पायजमा चढवून, रीतसर झोपतात. त्या वेळात दार वाजवणारा एकतर परगावचा असतो, नाहीतर आग लागल्याचं सांगायला आलेला. आग बेताची असेल तर त्यानेही चार वाजेपर्यंत थांबावं, अशी अपेक्षा असते.

अशा निजलेल्या गावात एकच जागा जागी असे. चौकामागच्या गल्लीतलं देलिया बारांदेगी यांचं सायबर कॅफे. शटर अर्धं खाली, छताला कुरकुरणारा पंखा, आणि पडद्यांच्या निळसर उजेडात ओळीने बसलेले चेहरे. पाहणाऱ्याला वाटावं, ही माणसंही झोपलेलीच आहेत, फक्त डोळे मिटायचे विसरलीत. त्यांतला एक चेहरा खुद्द मालकिणीचा. साठी ओलांडलेली बाई, चष्म्याची दोरी गळ्यात, आणि ओठांवर असं हसू की जणू आत्ता कुणीतरी तिला लांबून हात केला आहे.

ही मंडळी त्या वेळी गावात नसतच. ती ‘धुकेराज्य’ नावाच्या खेळात असत. हा खेळ जिंकायचा नसतो, त्यात राहायचं असतं. प्रत्येकाने आपला एकच माणूस घडवायचा, तिरंदाज, मांत्रिक, बुटका, जे मनाला येईल ते, आणि त्याला त्या जगात सोडून द्यायचं. तिथे निळी अरण्यं आहेत, बुडालेली गावं आहेत, आणि आपल्यासारखीच कुठल्या ना कुठल्या देशात खुर्चीवर बसलेली हजारो माणसं आहेत.

नवा माणूस जन्मतो तो पाळणाबेटावर. उंदीर मारायचे, कोल्हे मारायचे, अनुभवाचे गुण मिळवत एकेक पायरी चढायची. बाहेरच्या जगात अनुभवाने केस तेवढे पिकतात. इथे तो पडद्याच्या कोपऱ्यात आकड्यात दिसतो. दहावी पायरी आली की किनाऱ्याला नावाडी लागतो आणि मोठ्या भूमीवर घेऊन जातो. परतीची नाव नाही. पुढे तुम्ही राजे व्हा नाहीतर राक्षस, मेलात तरी तिकडेच पुन्हा उठता, बेटावर पुन्हा पाऊल ठेवता येत नाही.

देलियाबाई नवव्या पायरीच्या अगदी काठावर कित्येक वर्षं उभ्या होत्या. एक बरंसं जनावर मारलं की संपलं. म्हणून त्या काहीच मारत नसत. उंदीर आडवा आला तर वळसा घालून जात, चावला तर चावू देत.

“आणि वर त्याची माफी मागते,” मिलाग्रोस सांगायची. ही मिलाग्रोस शेजारच्या केशकर्तनालयात काम करायची आणि दुपारी दुकान बंद असलं की इथे येऊन ड्रॅगन मारायची. “मावशी, अख्खं जग पडलंय पलीकडे. तू आपली बालवाडीतच!”

“बालवाडीत कुणीतरी मोठं लागतं गं,” देलियाबाई म्हणत.

सुरुवात खरं तर धंद्याची होती. नवं गिऱ्हाईक यायचं, जन्मल्याजन्मल्या कोल्ह्याच्या तोंडी जायचं, आणि ‘हॅ, काहीतरीच’ म्हणून उठून जायचं. ते टिकावं म्हणून देलियाबाईंनी हिरव्या टोपीची एक तिरंदाज घडवली आणि तिला बेटावर उभी केली. पण पुढे तिथली पहाट त्यांना आवडायला लागली. सूचिपर्णी रानात झाडांच्या बुंध्यांना चिकटलेली भूछत्रं दिव्यांसारखी पेटायची. तळ्याच्या तळातून घंटा वाजायची. ती कुणी बांधली, कुणाला ठाऊक नव्हतं. मोठ्या भूमीवर गेलेली माणसं या गोष्टी विसरून जात. देलियाबाईंना वाटे, कुणीतरी लक्षात ठेवायला नको का?

तर नवा जीव वाळूवर डोळे चोळत उभा राहिला की पहिली हाक मावशीची. “पळू नकोस. पळणाऱ्याच्या मागे सगळं लागतं. आधी पाव खा. कोल्हा दिसला तर त्याच्याकडे पाठ करू नकोस. न मागता कुणी तलवार दिली तर घेऊ नकोस, तो तुला रानात नेऊन लुबाडणार. आणि उत्तरेच्या गुहेकडे फिरकायचं नाही. तिथे अस्वलीण आहे.”

एवढं झालं की शेकोटीभोवती मातेची फेरी. माते म्हणजे आमच्याकडचा कडवट पाल्याचा चहा, तुंब्यातून नळीने ओढायचा. एकच तुंबा, सगळ्यांच्या हाती फिरणारा. खेळात तुंबा नव्हता, पण आमच्या लोकांनी तो नुसत्या टंकलेल्या शब्दांनी सुरू केला. ‘घे, तुझी पाळी.’ एकदा मेक्सिकोचा एक सभ्य मांत्रिक पहिल्याच पाळीला ‘धन्यवाद’ म्हणाला. आमच्यात धन्यवाद म्हणजे पुरे, आता नको. बिचाऱ्याला कुणी पुन्हा विचारलं नाही. तो रात्रभर शेकोटीशी बसून राहिला आणि शेवटी विचारता झाला, “माझं काही चुकलं का?”

बेटावर मावशीला सगळे ओळखत. घरात मात्र एक माणूस ओळखत नव्हता.

इलारियो, देलियाबाईंचा नवरा, भाताच्या गिरणीत ट्रक वजन करण्यात जन्म घालवून नुकताच निवृत्त झाला होता. माणूस सोन्यासारखा, पण एक खोड: कुठलीही गोष्ट पहिल्यांदा फसली की ती त्याच्यासाठी कायमची मेली. लग्नात नाचताना देलियाबाईंच्या पायावर पाय पडला. त्यानंतर तो नाचला नाही. एकदा मासेमारीला जाऊन गळ स्वतःच्याच सदऱ्यात अडकवला, नदी संपली. देलियाबाईंनी किती वेळा सांगून पाहिलं, की अरे ते रान, ती घंटा. तो म्हणायचा, “म्हातारे, तुझे बुटके तुला लखलाभ.” आणि कूस बदलायचा.

तो इलारियो जानेवारीच्या, म्हणजे आमच्याकडच्या ऐन उन्हाळ्याच्या, एका भाजणाऱ्या दुपारी शटरखालून वाकून आत आला. सदरा घातलेला, केस विंचरलेले. ओळीतले सगळे चेहरे वळले. ही वेळ म्हणजे इलारियोच्या घोरण्याची.

“घरातलं कोण गेलं?” मिलाग्रोसने घाबरून विचारलं.

“कुणी नाही गं. झोप येत नाही,” तो म्हणाला आणि बायकोशेजारच्या खुर्चीवर बसला. “दाखव, कुठं असतेस ती.”

बोललं तर पाखरू उडेल, अशा बेताने देलियाबाईंनी माऊस त्याच्या हातात दिला.

इलारियोने बुटका निवडला. “पोट आहे, उंची नाही. निदान ओळखीचा तरी वाटतो.” पाव त्याने खाल्ला नाही, कारण जेवण झालं होतं. गावातल्या पाणचक्कीवाल्याशी मात्र तो गप्पा मारत बसला. तो चक्कीवाला खेळानेच ठेवलेला, एकच वाक्य बोलणारा.

“यंदा पीक कसं?” इलारियोने एका बोटाने टंकलं.

“स्वागत असो, प्रवासी,” चक्कीवाला म्हणाला.

“धान्याचा ओलावा किती धरता?”

“स्वागत असो, प्रवासी.”

“काटा मारत असणार,” इलारियो म्हणाला. “खरा गिरणीवाला ओलाव्याचं विचारल्यावर एवढा गोड बोलत नाही.”

देलियाबाई हसता हसता डोळे पुसत होत्या, तेवढ्यात नवं गिऱ्हाईक आलं. त्याला खुर्ची देऊन त्या परत येतात तर बुटका गावात नव्हता. इलारियो पडद्याला नाक लावून बसला होता.

“देलिया,” तो कुजबुजला, देवळात बोलावं तसा. “झाडांना दिवे लागलेत. आणि कुठंतरी घंटा वाजतेय गं. पाण्यात.”

इतकी वर्षं त्या हेच एक वाक्य ऐकायला थांबल्या होत्या. त्यांनी त्याचा खांदा धरला, आणि मग त्याच्या पडद्यावर बुटका नेमका कुठे उभा आहे ते त्यांना दिसलं. उत्तरेची गुहा. अंधारात दोन पिवळे ठिपके.

“मागे हो! हळू. पळू नकोस!”

इलारियो पळाला. तेही गुहेच्या आत.

“मेला आता,” मिलाग्रोस मागून म्हणाली. “जाऊ दे मावशी, पुन्हा जन्मेल वाळूवर. सगळेच मरतात पहिल्यांदा.”

सगळेच मरतात हे खरं. पण सगळे इलारियो नसतात. हा माणूस मेला की खुर्ची मागे सरकवेल, ‘आपल्याला नाही जमत’ म्हणेल, घरी जाईल, आणि धुकेराज्याचं नाव त्या घरात पुन्हा निघणार नाही. त्या रानात आपण दोघं एकदाच उभे होतो, तेही पुरतं नाही, एवढंच उरेल.

देलियाबाई खुर्चीत बसल्या. हिरव्या टोपीची तिरंदाज रानातून धावत सुटली. जिने उंदरांना वाट दिली, ती कोल्ह्यांच्या अंगावरून उड्या मारत गेली. गुहेच्या आत बुटका भिंतीला टेकला होता, अस्वलीण पंजा उचलत होती. कोपऱ्यातल्या आकड्याकडे देलियाबाईंनी एकदा पाहिलं. मग पाहिलं नाही. बाण सुटला, दुसरा सुटला, तिसऱ्याला अस्वलीण भाताच्या पोत्यासारखी खाली बसली.

पडदा सोनेरी झाला. कुठूनसं गाणं वाजलं. दहावी पायरी.

“वा!” इलारियो टाळ्या पिटत होता. “काय नेम आहे गं तुझा! आता तू कुठे चाललीस?”

तिरंदाज आपणहून चालू लागली होती, किनाऱ्याकडे. नावाडी उभा होता.

“मावशी…” मिलाग्रोसने केस कापायचा ॲप्रन तोंडाला लावला.

बातमी बेटभर गेली. वाळूवर नवी माणसं जमली, कुणी टोपी उडवली, कुणी नुसतं उभं राहिलं. बुटका पोट सावरत सर्वांत मागून आला.

“मीही येतो.”

“तुला नाही येता येणार. तू पहिल्या पायरीवर आहेस.”

“आणि तुला परत?”

देलियाबाईंनी नकारार्थी मान हलवली. इलारियोला मग कळलं. “माझ्यासाठी?” त्याने विचारलं. “मेलो असतो तर असं काय मोठं बिघडलं असतं?”

“तू उठून गेला असतास.”

इलारियो उठला नाही. “पहिल्या पायरीवर काय मारायचं असतं?” त्याने मिलाग्रोसला विचारलं. “उंदीर? दाखव कुठं आहेत.”

नाव निघाली. बेट मागे लहान होत गेलं, रानातले दिवे एकमेकांत मिसळले, आणि सगळीकडे पाणीच पाणी झालं, दुधाळ, न हलणारं. कॅफेत कुणी खेळत नव्हतं. सगळे मावशीच्या खुर्चीमागे गोळा झाले होते.

“मावशी, उतरल्यावर आधी धर्मशाळा शोध.”

“डावीकडे नको हं जाऊस, तिकडे चोर आहेत!”

“पूल दिसेल, त्याच्या खाली एक—”

“गप्प बसा रे सगळे!” देलियाबाई ओरडल्या. आजवर हजारोंना सगळं आधीच सांगून टाकलेल्या त्या बाईचा आवाज पोरीसारखा चिरकला होता. “कुणी काही सांगायचं नाही. मला बघू दे.”

पंखा कुरकुरत होता. धुक्यात काहीतरी उंच दिसायला लागलं. डोंगर असेल, मनोरा असेल, किंवा झाडही. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावला, दोन्ही हात मांडीवर ठेवले, आणि नाव नेईल तिकडे त्या जात राहिल्या.