भोंगे सर आणि गळ्यातलं कार्ड

“गुडघा वाकव ना बे! खांबाले मिठी माराले आला का?”

भोंगे सर ओरडत होते, अमरावतीच्या खो-खो प्रशिक्षक शिबिरात. ज्यांच्यावर ओरडत होते ते आमचे परीक्षक. बिचारे खांबावरून वळायचं कसं, हे आम्हा प्रशिक्षणार्थींना दाखवत होते. ते चिडले खरे, पण आधी गुडघा वाकवून घेतला.

सरांचं खरं आडनाव अकोल्यात फक्त पगारपत्रकाला ठाऊक होतं. जुन्या शहरातल्या आमच्या शाळेच्या मैदानावर ते ‘खो’ म्हणाले, की मोर्णा नदीपलीकडच्या कचेरीत बसलेला बाबू उठून पळू लागे. खोटं वाटत असेल तर सोडा. मी एकाला पळताना पाहिलंय.

तीस वर्षं त्यांनी पोरी घडवल्या. निवृत्तीच्या आदल्या वर्षी नियम आला: प्रमाणपत्र नसलेल्या प्रशिक्षकानं तारेच्या कुंपणाबाहेर उभं राहायचं. विभागीय सामना तोंडावर आलेला, आणि तोही सरांचा शेवटचा. “माह्या पोरींजवळ कोन बसन मंग? तू?” सर मला म्हणाले. मी भूगोल शिकवतो. मग आम्ही दोघांनीही शिबिराला नाव घातलं.

शिबिरात शिकवलं, की आवाज चढवू नये, चुकलेल्या खेळाडूचं आधी कौतुक करावं. लेखी परीक्षेत प्रश्न आला, ‘चुकलेल्या खेळाडूशी कसे बोलाल?’ सरांनी लिहिलं, ‘कोणती पोरगी, ते आधी सांगा.’ फेरपरीक्षेसाठी मी त्यांच्याकडून “छान प्रयत्न, बेटा” हे तीन शब्द स्तोत्रासारखे घोकून घेतले. सर पास झाले. गळ्यात कार्ड आलं.

सामन्याला सर कुंपणाच्या आत, खुर्चीवर. मी शेजारी, पाणी द्यायला. कर्णधार वैशाली पहिल्याच मिनिटाला बाद झाली. “छान प्रयत्न, बेटा,” सर म्हणाले. तिचा चेहरा पडला. दुसरीला “फारच छान” ऐकून रडू फुटायचंच बाकी राहिलं. मध्यंतरात वैशाली माझ्या कानाशी आली. “सर, आमचं काई चुकलं का? हे आज गोड बोलून राहिले.”

तिचं बोलणं सरांनी ऐकलं. ते उठले, कार्ड काढून माझ्या गळ्यात घातलं आणि फाटकातून बाहेर जाऊन तारेला भिडले.

“वैशाली, झोपली का वं?”

पोरी अशा सुटल्या, की पंचांना शिट्टी सापडेना. दोन गुणांनी जिंकलो.

परतीच्या एसटीत मी विचारलं, “सर, ज्या खुर्चीसाठी एवढं शिबिर केलं, ती काहून सोडली?”

सर म्हणाले, “तिथून ओरडाले मनाई हाये.”