कानबाईच्या तोंडावर हरवलेला पासपोर्ट

ते प्रकरण आठवले की आधी मला माझेच हसू येते. मग बराच वेळ काही करावेसे वाटत नाही.

मी तेव्हा नुकतीच पोलीस निरीक्षक झाले होते आणि सुरतेच्या पूर्व भागातले एक ठाणे पहिल्यांदाच माझ्या ताब्यात आले होते. त्या दिवसांतला माझा एक फोटो आहे. काळा गॉगल, काखेत छडी आणि चेहऱ्यावर असा भाव, की शहरातले सगळे गुन्हेगार या बाईंची वाट बघत रांगेत उभे आहेत. माझी नात तो फोटो काढून विचारते, "आजी, खोलीत गॉगल कशाला?" मी फोटो तिच्या हातातून काढून घेते.

श्रावण दोन-तीन दिवसांवर आला होता. सकाळची हजेरी आटोपून मी खुर्चीत बसते न बसते तोच एक गृहस्थ आत आले. पन्नाशीचे, सुरतेजवळ कडोदऱ्याला लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात मुकादम, मूळचे धुळ्याकडचे. सोबत त्यांची मुलगी. बी.एस्सी. झालेली, रडून डोळे सुजलेले. तिला कॅनडातल्या एका कॉलेजात प्रवेश मिळाला होता. विद्यार्थी व्हिसा मंजूर झाल्याची मेल दोन-तीन दिवसांपूर्वीच आली होती. आता पासपोर्ट अहमदाबादच्या व्हिसा केंद्रात नेऊन द्यायचा, त्यावर व्हिसा चिकटवून मिळाला की विमान. घरात पेढे वाटून झाले होते. आणि पासपोर्टच नाहीसा झाला होता.

मुलीच्या आठवणीप्रमाणे तो घरातल्या कपाटात होता. वडील सांगत होते की त्यांनी तो झेरॉक्ससाठी व्हिसा एजंटाकडे नेऊन दिला आणि एजंटाने परतच केला नाही. नवा पासपोर्ट काढून सगळे पुन्हा करायचे, तर मुदत टळणार आणि कॉलेजही सुरू होऊन जाणार. पुढच्या वर्षी घरचे पुन्हा हो म्हणतील याची तिला खात्री नव्हती. एवढे सगळे तिने मला एका दमात सांगितले. वडील छताच्या पंख्याकडे बघत होते. मला वाटले, बिचारे खचले आहेत.

मी नोंद करून घेतली आणि खबऱ्यांना कामाला लावले. दुपारपर्यंत खबर आली की पर्वत पाटिया भागातल्या त्या एजंटाकडे एक अख्खे कपाट भरून लोकांचे पासपोर्ट आहेत. गिऱ्हाईक दुसरीकडे जाऊ नये म्हणून काही एजंट पासपोर्ट अडकवून ठेवतात, हे मला ठाऊक होते. झाले. बाईंनी गॉगल चढवला, पंच बरोबर घेतले आणि छापा टाकला.

एजंट टाय लावलेला, गोड बोलणारा माणूस. एखाद्याचा व्हिसा आला की ऑफिसात टांगलेली पितळी घंटा वाजवायची, अशी त्याची पद्धत. मी कपाटातले सगळे पासपोर्ट जप्त केले, पंचनामा केला आणि त्याला ठाण्यात आणून बसवले. संध्याकाळपर्यंत उलटसुलट विचारून पाहिले. तो प्रत्येक वेळी तेच सांगत राहिला, की त्या मुलीची झेरॉक्स त्याच्याकडे महिनाभर आधीच होती, पुन्हा कशाला मागेल? हे उत्तर सरळ होते. पण सरळ उत्तर मला त्या काळी नेहमी संशयास्पद वाटायचे.

जप्त केलेल्या ढिगात त्या मुलीचा पासपोर्ट नव्हता. मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्याच्या आवारात गर्दी जमली. ज्यांचे पासपोर्ट मी उचलून आणले होते त्यांचे आईबाप आले होते. कुणाची अहमदाबादची तारीख होती, कुणाचे विमान. एक काकी तर डबा घेऊनच बसल्या. आमचे हेड कॉन्स्टेबल सुरतीच, तोंडाने तिखट. ते मला म्हणाले, "मॅडम, एक पोरीला कॅनडा पाठवता पाठवता आपण आखी बॅच रोकी दीधी." वरिष्ठांचा फोन आला तेव्हा तेही साधारण असेच बोलले, फक्त भाषा जास्त कडक होती. सगळे पासपोर्ट सह्या घेऊन परत केले आणि एजंटालाही सोडले. जाताना त्याने मला पेढा देऊ केला. मी घेतला नाही. खरे तर फार खावासा वाटत होता.

मग जे पहिल्या दिवशी करायला हवे होते ते केले. त्या मुलीच्या घरी गेले.

दोन खोल्यांचे स्वच्छ घर. मुलीचे वडील पाळीवर गेले होते. आई जमिनीवर बसून गहू निवडत होती. मला बघून म्हणाली, "बठा ताई, च्या ठेवस." अहिराणी ऐकली आणि माझा गॉगल आपोआप उतरला. मीही खानदेशातलीच. वर्दी चढवल्यापासून सणावाराला घरी असणे सुटले होते.

येत्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी कानबाई बसणार होती. ज्यांच्याकडे ही देवी बसत नाही त्यांच्यासाठी सांगते. कानबाईच्या रोटासाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, घरातल्या माणसांच्या नावाने सव्वा-सव्वा मूठ गहू काढतात. काही घरी फक्त पुरुषांच्या नावाने निघतो, या घरी लेकीच्या नावानेही निघत होता. हा रोट घरच्यांनी आणि भाऊबंदांनीच संपवायचा, बाहेर द्यायचा नाही. म्हणून जो त्या दिवशी घरात नसणार त्याची मूठ आमच्याकडे काढत नाहीत, त्यांच्याकडेही नाही. मी सहज विचारले, मुठी कुणी काढल्या? आई म्हणाली, मालकांनी, शनिवारी. प्रत्येकाचे नाव घेत. त्यांचे, माझे, पोराचे, पोरीचे.

शनिवारी तर पासपोर्ट हरवलेलाच नव्हता. रविवारी तो दिसेना म्हणून शोधाशोध झाली आणि सोमवारी ते ठाण्यात आले. शनिवारी घरात पेढे होते, तिकिटाची चौकशी झाली होती, पोरगी कानबाईच्या आधीच निघणार होती. तरी बापाने तिच्या नावाने मूठ काढली होती. देवाच्या कामात माणूस सवयीने खोटे बोलत नाही. पोरगी रोट खायला घरी असेल हे त्याला शनिवारीच माहीत होते.

मी चहा संपवला आणि थेट कडोदऱ्याला गेले. लूमच्या खडखडाटात काही ऐकू येत नव्हते, म्हणून त्यांना बाहेर नळापाशी घेऊन आले. आरडाओरडा केला नाही. मुठींचे एवढेच विचारले. ते खाली बसले. मग उठून आत गेले आणि आपल्या हत्याराच्या पेटीतून एक पुडके घेऊन आले. वर कोऱ्या कापडाचा तुकडा, आत प्लास्टिक, त्यात पासपोर्ट आणि कसर लागू नये म्हणून एक डांबरगोळी. जेवणाच्या सुट्टीत उघडून बघत असावेत, कापडाच्या घड्या मळल्या होत्या.

"फाडणार होतो," ते म्हणाले. "पण आत तिचा फोटो आहे."

मी विचारले, जाऊ द्यायचे नव्हते तर सरळ नाही का म्हटले नाही? तेव्हा ते त्यांच्या भाषेत म्हणाले, "तिले नही म्हणता उनं नही माले." तिला नाही म्हणता आले नाही. लहानपणापासून एकाही गोष्टीला नाही म्हटले नव्हते. साऱ्या नात्यात तेच मिरवत होते, माझी पोर परदेशी चालली म्हणून. आणि संध्याकाळी घरी आले की तिची भरलेली बॅग दिसायची.

खोटी फिर्याद देणे हा गुन्हा आहे, ते मी त्यांना कलमासकट सांगितले. त्यांनी मान डोलावली. हात पुढे केले, जणू मी आता बेड्याच घालणार. मी त्यांना जीपमध्ये बसवून ठाण्यात आणले आणि मुलीला बोलावून घेतले. वाटेत ते विनवत होते, तुम्हीच द्या, सापडला म्हणून सांगा. मी म्हटले, तुम्हीच द्यायचा. आणि द्यायच्या आधी जे पोटात आहे ते तिच्यासमोर एकदा बोलायचे. एवढे केलेत तर मी नोंदीत "पासपोर्ट मिळून आला" लिहीन.

मुलगी आली. बापाच्या हातातला पासपोर्ट तिने बघितला, मग बापाकडे बघितले. समजायला तिला वेळ लागला नाही. रागाने तिचे तोंड लाल झाले. ती काही बोलणार तेवढ्यात ते म्हणाले, "नको जाऊ."

मुलगी रडायला लागली. मग तिने अगदी हळू विचारले, "जाऊ ना, पप्पा?"

ते बराच वेळ पासपोर्टच्या पुठ्ठ्यावरून अंगठा फिरवत राहिले. "जाय," म्हणाले आणि तिच्या हातात ठेवला.

ती गेली. वेळेत गेली. कानबाईला नव्हती. त्या मुठीचे त्यांनी काय केले, ते मी विचारले नाही.

तोवरच्या नोकरीत मी गुन्ह्यामागे लोभ, सूड नाहीतर भीती शोधायला शिकले होते. माणूस नुसत्या ओढीपायी स्वतःच्याच घरात चोरी करतो, हे मला त्या प्रकरणाने शिकवले. फिर्यादीच्या छापील कागदावर त्यासाठी रकाना नाही. आणि दुसरे असे, की "जाऊ नकोस" हे म्हणायचेच असेल तर तोंडाने म्हणावे. ते आत दाबून धरले की हात भलतीकडे जातात.

सध्या आमच्या घरी नातीची व्हिसाची फाइल चालू आहे. मी निवृत्त असल्यामुळे मला फक्त फोटो नीट आलाय का एवढेच बघायला देतात. परवा जेवताना मी सगळ्यांसमोर तिला स्पष्ट सांगितले, की तू जावेस असे मला वाटत नाही. मला तू इथे हवी आहेस.

तिने माझ्या ताटात आणखी एक वाटी डाळ ओतली आणि म्हणाली, "नोंद घेतली, मॅडम. शुक्रवारी अहमदाबादला तूच येशील ना माझ्यासोबत?"

जाणार आहे.