नुसती हवा

डेअरीच्या पॉवरहाउसमधलं मोठं गॅस इंजिन आज पहिल्या प्रयत्नात सुरू झालं नाही. अशा वेळी लगेच पुन्हा बटण दाबायचं नसतं. न जळलेला गॅस आत साचलेला असतो आणि त्यावर ठिणगी पडली तर धुराड्यात स्फोट होतो. म्हणून मी गॅस बंद केला, ठिणगी बंद केली आणि साचलेला गॅस बाहेर निघून जाईपर्यंत इंजिन काही वेळ नुसत्या हवेवर फिरवलं.

"किती जपता हो साहेब याला!" सोबतचा ऑपरेटर सावंत हसला. "तुमच्या घरचे भलतेच सुखात असतील."

मला हसता आलं नाही. परीक्षेत नापास झाल्याबद्दल मुलीला मी काल नको नको ते बोललो होतो. सकाळी ती आपणहून चहाला येऊन बसली, तर मी पुन्हा तिथूनच सुरुवात केली. कप तसाच ठेवून ती मावशीकडे निघून गेली. माझ्या या स्वभावाचा आता मलाच कंटाळा येतो.

दुसऱ्यांदा इंजिन सुरळीत सुरू झालं. मी बाहेर येऊन तिला फोन लावला. तिनं उचलला. मनात जुळवलेलं काहीच मी बोललो नाही, नुसता श्वास सोडत राहिलो.

"बोल ना, बाबा," ती म्हणाली.