पुसून टाकलेला कर्नल

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की उठून चहा आणायला जाणारा माणूस मी. कॉम्प्युटरवाला आहे, लॉग, म्हणजे मशीनच्या नोंदी, बघितल्याशिवाय कशावर विश्वास बसत नाही. पण हे माझ्या डोळ्यांदेखत झालंय... म्हणून लिहितोय.

लातूरमध्ये तेव्हा गल्लोगल्ली क्लासेस निघत होते. त्यातल्याच एका क्लासच्या दुसऱ्या मजल्यावरची लॅब शबाना आपांनी उभी केली होती. भूकंपात निलंग्याकडचं घर पडलं, तेव्हा लहानपणीच त्या लातूरला आल्या, इथंच शिकल्या. जुन्या मशिनींवर विंडोजऐवजी फुकटातलं लिनक्स टाकून त्यांनी ऑनलाइन परीक्षेची सोय केली, मला हाताला धरून शिकवलं. दुपारी त्यांची खिचडी नि चिंचेचा खट्टा आणि माझी भाकरी – सर्व्हरच्या खोलीतच पंगत, कारण कूलर तिथंच होता!

कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा. अपडेट झालं की नवा येतो, जुने साचतात आणि त्यांची छोटीशी जागा भरून जाते. आपा हातानं साफसफाई करायच्या, पण एक जुना हमखास ठेवायच्या.

"नवा रुसला तर जायचं कुठं रे? नीट चाललेला एक असू दे."

पुढं त्यांच्या मियाँची बदली झाली आणि आपा नांदेडला गेल्या. मी अपडेट आणि साफसफाई, दोन्ही आपोआप होईल असं करून ठेवलं.

एका रविवारी मोफत प्रवेशाची परीक्षा होती. निलंग्याहून, पार हदगावहून पोरं एसटीनं आलेली. तेवढ्यात लाइट गेली. परत आल्यावर सर्व्हर नव्या कर्नलवर सुरू होता होता अडकला. कर्नल निवडायचा मेनू उघडला – एकच ओळ, तीच नवी. बाकीचे साफसफाईत गेलेले. पुन्हा चालू केलं, पुन्हा तेच.

गणिताचे देशमुख सर दारात आले. "पोरं जिन्यात बसलीत. परत पाठवू का?"

"थांबा सर." मी परत बटण दाबलं.

मेनूत दोन ओळी होत्या.

खालची आपांच्या वेळची, कितीतरी अपडेट मागची. सरांनीही पाहिली. मी ती निवडली... आणि सर्व्हर सुरळीत चालू झाला. परीक्षा पार पडली.

पोरं गेल्यावर मी शोधाशोध केली. चालू कर्नल तोच जुना दिसत होता, पण डिस्कवर त्याची फाइलच नव्हती. तो काही महिन्यांपूर्वीच काढल्याचं लॉग सांगत होता. मग मशीन सुरू झालं कशावर?

आपांना फोन लावला. मी बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, "झाली का परीक्षा?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सकाळी जरा डोळा लागला होता. तू सर्व्हरपुढं घामाघूम, देशमुख सर दारात... मी म्हटलं, अरे, खालचा घे की!"



जाणकार मित्रांनी बरीच कारणं सांगितली. एकही पटत नाही. लॅब आता राहिली नाही, तिथं कपड्यांचं दुकान आहे. मध्यंतरी नांदेडला गेलो, तेव्हा धीर करून आपांना विचारलं, "त्या दिवशी नेमकं झालं काय होतं?"

त्यांनी माझ्या ताटात खिचडी वाढली. मग म्हणाल्या, "मला काय ठाऊक? पण त्या खोलीची लई आठवण येते रे."